तेरवीला पाहिलेलं घर

आई गेल्यापासून घरात माणसांची ये-जा आहे. माणसं येतात, चटईवर बसतात, फोटोकडे पाहून हात जोडतात. त्यातल्या काहींची नजर मग फोटोवरून सरकते, छताला लागते, तिथून खिडकीवर उतरते. मग खाकरून विचारलं जातं, "इकडे कुरुदमधे आता काय भाव चालू आहे जागेचा?" परवा एका दूरच्या नातेवाइकाने हे विचारलं तेव्हा माझा भाऊ साधेपणाने उत्तर देऊ लागला. मी उठून मोरीत गेले आणि हात धुतले. हाताला काहीच लागलं नव्हतं.

ही किळस मला आईकडून मिळाली आहे. तिच्यापायीच आम्ही कुरुदला आलो आणि पुढे इथलेच झालो. ते कसं, एवढंच लिहायचं आहे.

आम्ही पुलगावहून भिलाईला आलो तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. वडिलांना पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीची कारकुनी लागली होती. मी सातवीत होते, भाऊ माझ्याहून बराच लहान. कारखान्याचं क्वार्टर मिळेल अशा भरवशावर आम्ही सामान बांधलं होतं. आल्यावर कळलं की क्वार्टरसाठी नंबर लावावा लागतो आणि नंबर कधी येईल ते कोणी सांगत नाही. तोवर म्हणून पावर हाउस नावाच्या वस्तीत, बाजारामागच्या गल्लीत, कांद्या-बटाट्याच्या गोदामावरची खोली घेतली.

कांद्याचा वास सगळ्यांना माहीत असतो. सडलेल्या कांद्याचा वास वेगळा. तो नाकाने येत नाही, जिभेवर येऊन बसतो. खालची पोती पाझरत आणि काळपट पाणी जिन्याच्या पायथ्याशी साचे. त्यावर माश्यांचा थर असे. वरून पाय टाकला की तो उठे आणि आमच्याबरोबर जिना चढून खोलीत येई. पावसाळ्यात पांढऱ्या अळ्या भिंतीने वर चढत. आई रोज सकाळी फिनेल ओतून जिना झाडी, आणि दुपारपर्यंत त्या पुन्हा त्याच पायरीवर आलेल्या असत. संडास गल्लीच्या टोकाला होता, सगळ्या बिऱ्हाडांत एक. तिथे जाताना आई पदराने नाक बांधून जायची. शाळेत मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरच्या मुली हिंदीत म्हणत, "प्याज आई, प्याज आई," म्हणजे कांदा आला. मी पुस्तकात तोंड घाली. पुस्तकालाही तोच वास होता.

आईने कांदा खाणं सोडलं ते तेव्हाच. ती वडिलांना जेवायला वाढताना रोज विचारी, "येन का नंबर?"

"येन न. सगळ्यांचा येते, आपला कावून नाही येणार?"

एका रविवारी वडील आम्हाला कुरुदला घेऊन गेले. ऑफिसातल्या कोणी सांगितलं होतं की तिथे एका शेतकऱ्याकडे दोन खोल्या भाड्याने आहेत. कुरुद तेव्हा खेडंच होतं. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण, पलीकडे म्हशी, आणि धानाची शेतं थेट नजर पोचेल तिथपर्यंत. वीज नव्हती. घरमालकीण छत्तीसगढी बोले. तिने आईला "आवव बहिनी, बइठव" म्हणून बाज टाकून दिली. आईने विहिरीत वाकून पाहिलं, पाणी काढून तोंडाला लावलं आणि म्हणाली, "गोड आहे."

वडील रस्त्यावरच उभे होते. चपलेला चिखल लागला होता, तो ते दगडावर घासत होते. "नोकरी कारखान्यात अन् राहाचं म्हशीत? मंग पुलगाव काय वाईट होतं?" मालकीण म्हणाली की खोल्या रिकाम्याच आहेत, कधीही या. आईलाही तिथे राहणं पटण्यासारखं नव्हतं. मुलांची शाळा लांब, अंधारात सापविंचू. आम्ही परत आलो. म्हणजे उरलं कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टरमधलं क्वार्टर. पक्की भिंत, घरातला संडास, नळ. आईला आयुष्यात दुसरं काही नको होतं त्या दिवसांत. ती झोपेतही नळाबद्दल बोलत असेल.

याच सुमाराला आमच्याकडे काकाजी येऊ लागले. ते आमच्याच भागातले, कारखाना उभा राहिला तेव्हापासून इथे होते. मराठी मंडळात त्यांच्या शब्दाला वजन होतं. संध्याकाळी ते स्कूटरवर केळ्यांचा घड बांधून इस्पितळात जात आणि आपल्याकडचा कोणी माणूस भरती असेल तर त्याच्या उशाशी बसून येत. परतताना आमच्या खोलीवर चहा घेत. मी त्यांना फार दयाळू समजत होते. एकदा ते वडिलांना सांगत होते, "तो आपला अमरावतीवाला नाही का जी, ज्याले लकवा मारला? मोठं क्वार्टर आहे त्याचं. पण त्याचं काही खरं नाही." वडिलांनी विचारलं, जास्त आहे का. काकाजी उदास होऊन म्हणाले, "नाही न. सुधरून राहिला."

त्या वयातही मला ते ऐकून अंगावर काही चालल्यासारखं झालं. पण कशाने झालं ते कळलं नाही.

हळूहळू कळलं. निवृत्त होणाऱ्याचं घर कोणाला जाणार ते आधीच ठरलेलं असे. अवचित रिकामं होई ते मेलेल्या माणसाचं. नंबर नंबराच्या ठिकाणी. पण घर कोणतं रिकामं होतंय, कधी, आणि तिथे आधी कोण जाऊन पोचलं, यावर खरं काय ते ठरे. म्हणून आपली माणसं इस्पितळावर लक्ष ठेवत. कोणी गेला की भेटायला जात, आणि भेटायला जाऊन घर पाहून येत. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पुलगावला बाजारात जाऊन वांगी दाबून पाहतात, तसंच.

हिवाळ्यात एका संध्याकाळी काकाजी चहा न घेताच बोलू लागले. "भाऊसाहेब, सेक्टर दहामधे आपला एक माणूस गेला. आर्वीचा. ड्यूटीवरून आला, पाणी मागितलं अन् खलास. खालचं क्वार्टर आहे, कोपऱ्याचं. मागं आंगन."

आई स्टोव्हपाशी होती. "बापा! लेकरं आहेत का हो?"

"तीन आहेत वहिनी. पेरूचं झाडपण आहे."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं की या माणसाचं बोलणं दुःखाने विस्कटलं आहे.

"तेरवीले जाऊ," काकाजी म्हणाले. "मधात गेलं त बायका खोल्या लावून बसते. तेरवीले सगळे दरवाजे उघडे राहतात."

आई मात्र खरंच भेटायला निघाली. त्या माणसाला ती ओळखत नव्हती, त्याच्या बायकोलाही नाही. पण आपल्या भागातली बाई, परक्या मुलखात, तीन लेकरं घेऊन उघडी पडली, हे तिने मनाला लावून घेतलं होतं. तिने फिक्या रंगाचं लुगडं नेसलं. बसमधे मला म्हणाली, "तिथं हासू नको. काही मागू नको. त्या मुलींपाशी जाऊन बसजो, बोलली नाही तरी चालते."

घर खरोखर चांगलं होतं. हे लिहितानाही मला त्याचा राग येतो. चुन्याने पांढऱ्या भिंती, ऊन येणारी पडवी, मागे अंगणात पेरू. समोरच्या खोलीत हार घातलेला फोटो होता आणि त्याच्यापुढे समई. त्या फोटोला नमस्कार करून माणसं सरळ आत शिरत होती. चार-पाच कुटुंबं तरी अशी होती की ज्यांचं त्या माणसाशी काही नातं नव्हतं. एक गृहस्थ भिंतीला वीत लावून मोजत होता, लोखंडी कपाट बसेल का म्हणून. दुसऱ्याने संडासाची साखळी ओढून पाहिली. पाणी धो धो आल्यावर त्याने बाहेर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहून मान हलवली. स्वयंपाकघरात दोघी जणी ओट्याच्या उंचीवर बोलत होत्या.

"मले उंच होते वो हा ओटा."

"तुमाले कायले उंच-ठेंगणा पायजे? तुमचा नंबर त लय मागं आहे न?"

"मागं राहो की पुढं, पाहाले काय जाते?"

मुलींना शोधत मी मोरीकडे गेले. तिथे कट्ट्यावर पत्र्याच्या मगात दाढीचा ब्रश होता. केसांत साबण वाळून पांढरा झाला होता. एक बाई त्याच्याच बाजूचा नळ पूर्ण सोडून धार बघत होती. धारेचे शिंतोडे ब्रशवर उडत होते आणि वाळलेला साबण ओला होऊन त्याचा फेस मगातून खाली सांडत होता. ती बाई ते पाहत होती आणि पाहत नव्हती. "प्रेशर चांगलं आहे," ती मला म्हणाली.

मग पंगत बसली. वडे, पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. सगळे जेवले. काकाजी आग्रह करत फिरत होते. वडिलांनी दोनदा बुंदी घेतली, कारण आग्रह मोडू नये म्हणतात. तेलाचा वास, समईचा वास आणि माणसांच्या बोटांचा वास एकत्र होऊन माझ्या घशाशी आला. कांद्याच्या गोदामात इतके महिने काढले, मला तिथे कधी ओकारी आली नव्हती. ती त्या पांढऱ्या, स्वच्छ घराच्या अंगणात आली.

आई जेवली नाही. त्या घरची बाई तिला हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेली होती, आणि मी तोंड धुऊन आईला शोधत गेले तेव्हा दोघी कोठीच्या दाराशी उभ्या होत्या. ती बाई रडत नव्हती. दुकानदार माल दाखवतो तशा कोरड्या आवाजात सांगत होती.

"या भितीले ओल येते. गहू इथं ठेवाचे नाही. अन् मागची कडी ढिल्ली आहे, ते करून घेजा."

आई म्हणाली, "मी... मी तुमाले भेटाले आली हो ताई."

"हो न, सगळेच भेटाले आले." तिने आईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "लाजू नका. आम्हीपण असंच पाह्यलं होतं हे घर. त्या बाईनं मले हेच सांगितलं होतं, गहू इथं ठेवू नका." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक करा. काकाजीले सांगा, पोराची बोर्डाची परीक्षा होऊ द्या म्हणा. होळीनंतर आहे. तेवढं झालं की मी जातोच आर्वीले भावाकडे."

परतताना बसमधे आई खिडकीकडे तोंड करून बसली. खोलीवर आल्यावर तिने डोक्यावरून आंघोळ केली, मलाही घातली. वडील म्हणाले, कसं वाटलं घर. आई म्हणाली, "मले त्या घरात घास गिळवणार नाही."

"अन् इथं गिळवते? खाली कांदे सडून राहिले न."

"कांदे सडते. माणसं नाही."

वडील चिडले. ते वाईट नव्हते. दमलेले होते, आणि सगळे जे करतात ते करताना माणसाला आपण काही करतो आहोत असं वाटत नाही. त्यानंतरचे काही आठवडे घरात या एकाच गोष्टीवरून अबोला होता. मधल्या काळात काकाजी त्या बाईकडे अधूनमधून जात. एकट्या बाईने लेकरं घेऊन परमुलखात राहणं बरं नाही, परीक्षा तर आर्वीहूनही येऊन देता येते, असं समजावत. हे ते आमच्याकडे येऊन मोठ्या अभिमानाने सांगत आणि आई चहाचा कप त्यांच्यासमोर आदळून ठेवी.

मग भावाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, पाणीही पोटात ठरेना. डॉक्टरने विचारलं, राहता कुठे, आणि उत्तर ऐकून नुसतीच मान हलवली. त्या आठवड्यात आईचं तोंड उतरत गेलं. ती जिन्यातल्या पाण्याकडे पाही, मुलाकडे पाही. वडिलांनी तेव्हा सांगितलं, "ती बाई गेली आर्वीले. घर रिकामं झालं. आता कोणाचं काय नुसकान आहे?"

आईने भावाचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "खरंच रिकामं झालं असन त जाऊ."

भाऊ उठून बसू लागला तेव्हा टेम्पो आणला. पेटी, वळकट्या, भांड्यांची पोती. आई मागे सामानात बसली, भावाला मांडीवर घेऊन. मी तिच्या बाजूला. वडील आणि काकाजी स्कूटरवर पुढे. उतरत्या दुपारचं ऊन होतं, सेक्टरचे रस्ते सरळ आणि स्वच्छ, दोन्ही बाजूला झाडं. आई प्रत्येक घराकडे पाहत होती. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

कोपऱ्यावर टेम्पो थांबला. अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत होते. मुलींचे फ्रॉक, एक शाळेची खाकी पँट. पडवीत त्या घरचा मुलगा पुस्तक घेऊन बसला होता. आम्हाला पाहून तो उठला, आणि कोणी न सांगता आपली खुर्ची उचलून आत घेऊन गेला.

आई जागची हलली नाही.

वडील टेम्पोपाशी आले. "उतर."

"तुम्ही म्हटलं, गेली म्हणून."

"जाणारच आहे. आज फक्त समोरच्या खोलीत पेटी टाकाची आहे. मागून हळूहळू—"

काकाजी समजुतीच्या स्वरात पुढे झाले. "वहिनी, इथं असंच चालते. ज्याची पेटी पहिले पडते त्याचं घर. आज आपण नाही टाकली त उद्या कोणी बाहेरचा टाकन. आपल्या माणसाचं घर आपल्या माणसाकडे राह्यलं पायजे का नाही?"

"काकाजी," आई म्हणाली. ती मोठ्याने बोलत नसे. त्या दिवशीही बोलली नाही. "तुमच्या घरी कोणी केळं घेऊन येऊन राहिलं असन त आमाले सांगा. ते घर पाहाले येऊ आम्ही."

काकाजी स्कूटरकडे वळले. वडील दात आवळून म्हणाले, "उतर म्हणतो न. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. पाहाचीच सवय आहे इथं सगळ्याले."

तेवढ्यात ती बाई पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. पाहुण्याला द्यावं तसा तिने तो आईपुढे धरला. "उतरा न वो. समोरची खोली करून ठेवली मी रिकामी. पोरगं आजारी आहे वाटते?"

"कावीळ झाली होती," आई म्हणाली. "तुमच्या पोराची परीक्षा?"

"देईन मागच्या खोलीत अभ्यास करून." तिने पडवीकडे पाहिलं. "तुम्ही नाही आल्या त दुसरं कोणी येईन बाई. त्यापरीस तुम्ही या. तुम्ही तरी त्या दिवशी जेवल्या नाही."

यावर आई काय म्हणेल ते मला कळेना. एका बाजूला कावीळ झालेलं मूल, घरातला नळ, आणि स्वतः त्या बाईचं बोलावणं. उतरली असती तर तिला कोणी नाव ठेवलं नसतं, मीसुद्धा नाही. तिने लोटा घेतला, भावाला दोन घोट पाजले, उरलेलं मला दिलं, आणि लोटा परत करून त्या बाईच्या हातावर आपला हात थोडा वेळ ठेवला. मग टेम्पोवाल्याला म्हणाली, "भैया, गाडी घुमाओ. कुरुद चलो."

"कुरुद? उधर तो रस्ता नहीं है बाई."

"जितना है उतना चलो."

वडील आले नाहीत. ते संध्याकाळी आले, कोणाची तरी सायकल हातात धरून, पँट गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेली. तोवर घरमालकिणीने चूल पेटवून दिली होती आणि आईने भावाला बाजेवर झोपवलं होतं. भिंतीच्या पलीकडे म्हशी फुरफुरत होत्या. शेणाचा वास होता, ओल्या पेंढ्याचा होता. मी बराच वेळ दुसरा एक वास शोधत राहिले, तो तिथे नव्हता.

त्या रात्री आणि पुढे काही दिवस वडील आईशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी ते ऑफिसातून कळलेली बातमी घेऊन आले. बातमी सांगताना त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर होता, आणि त्याखाली काहीतरी दुखरं होतं.

"दुसऱ्याच दिवशी पेटी पडली तिथं. काकाजीच्या साडूची. त्या बाईनं पंधरवड्यात घर सोडलं म्हणते. आता सांग, तुह्या हट्टानं कोणाचं भलं झालं?"

आई रहाटाच्या दोरीला बादली बांधत होती. तिने गाठ ओढून पक्की केली.

"भलं कराले नव्हती आली मी इथं," ती म्हणाली. "मले किळस आली होती."

वडिलांनी तिच्या हातातून दोरी घेतली आणि बादली विहिरीत सोडली.